शाळेचा वस्ताद व्हायचंय? आधी वजनकाटा घ्या

गावच्या मंडईत चार-दोन कुस्त्या मारलेला, नागपूरपर्यंत खेळून आलेला, आता पंचविशी ओलांडलेला आणि 'आपण नाही, तर आपली पोरं तरी पुढे जातील' असं म्हणणारा गडी भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुठेही भेटतो. शाळेत कुस्ती शिकवायची त्याची मनापासून इच्छा असते. अलीकडे अशा मुलीही दिसू लागल्या आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. डाव कसे शिकवायचे ते इथे फारसं सापडणार नाही, कारण ते त्यांना येतंच. शाळेच्या कुस्तीत डाव हा कामाचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से म्हणजे वजन, कागद आणि कॅलेंडर. पोरं बहुतेक वेळा तिथेच हरतात.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळेच सांगतो, पण वस्तादाच्या कामाचा भाग त्यातून गाळून सांगतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तोवर त्यांची सारी कुस्ती मातीतली होती. मॅटची कुस्ती त्यांना तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने दाखवली आणि ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद ममादबेयोव्हशी खेळायला उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. पण तो नियम बोट ठेवून दाखवायला मॅटच्या कडेला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. वस्ताद म्हणून तुम्हाला जी जागा भरायची आहे ती हीच, मॅटच्या कडेची रिकामी जागा.

आता कॅलेंडर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणा. शालेय स्पर्धांचे तालुका आणि जिल्ह्याचे टप्पे साधारण पावसाळा सरता सरता सुरू होतात. म्हणजे सरावाचे नेमके दोन महिने तुमचा मल्ल बांधीत चिखलात उभा राहून पऱ्ह्यांच्या जुड्या फेकत असतो. तो आला नाही म्हणून त्याच्यावर डाफरू नका आणि त्याच्या बापाशी भांडू तर मुळीच नका. त्या घरात वर्षाचा तांदूळ त्या दोन महिन्यांत ठरतो. उलट तुम्ही तुमचं वर्ष हलवा. धान घरात आला, चुरणे झाले, मंडया संपल्या की डिसेंबरात नवी पोरं घ्या. जानेवारी ते मार्च पाया घाला. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा पहाटेचा तास धरा. मे महिन्यात भंडाऱ्याचं ऊन अंगातलं पाणी शोषून घेतं, तेव्हा दोर, मल्लखांब आणि पोहणं एवढंच ठेवा. जुलैत मूल संध्याकाळी अर्धा तास जरी आलं तरी पुरे, कारण दिवसभर वाकून त्याचे पाय आणि कंबर आधीच राबलेली असतात. त्या महिन्यांत त्याच्याकडून शंभर-शंभर बैठका काढून घेणारा वस्ताद मला कडक वाटत नाही, अडाणी वाटतो.

माती की मॅट, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रंगतो. शाळेच्या वस्तादाला तो परवडत नाही. शालेय स्पर्धा मॅटच्या नियमांनी चालतात आणि मॅटची किंमत लाखांत जाते, म्हणून बहुतेकांना मातीवर शिकवून मॅटवर उतरवावं लागणार. मग निदान फरक नीट माहीत हवा. मातीत चितपट होईपर्यंत काहीच घडलेलं नसतं. पाऊण तास मानेला मान लावून उभं राहिलं तरी चालतं. मॅटवर १७ वर्षांखालच्या गटाची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. ९ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण. पट काढून ताबा घेतला की २. पाठ मॅटकडे कलली की आणखी २. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये ८ वर. मातीत वाढलेलं पोर समोरच्याचा अंदाज घेत दीड मिनिट घालवतं, तेवढ्यात दोनदा रेषेबाहेर ढकललं जातं आणि मग घाईत टांग मारायला जाऊन स्वतःचीच पाठ दाखवतं. मातीत अशी पाठ क्षणभर दिसली तर कोणी मोजत नाही. तिथे जांघिया धरून ओढलेलंही चालतं, मॅटवर कपड्याला हात लावला की पंच टोकतो.

म्हणून आखाड्यातच चुन्याने वर्तुळ आखा. मोबाइलवर दोन मिनिटं लावा आणि एका पोराला पंच करून मोठ्याने गुण म्हणायला सांगा. पंच झालेलं मूल नियम सगळ्यांत लवकर शिकतं. पहिलं वर्षभर एकेरी पट, दुहेरी पट, पट सोडवणं आणि भारंदाज एवढेच घोटून घ्या. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे प्रेक्षकांचे लाडके डाव मान आणि कंबर तयार झाल्यावर. डबल नेल्सन म्हणजे दोन्ही हात काखेतून घालून मान दाबणं, ते लहान मुलांत ठेवूच नका. मुलींच्या कुस्तीत तर नियमानेच बंद आहे.

आखाडा करताना धानाच्या बांधीतली कन्हार माती उचलून आणू नका. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की ढेकूळ होते. हलकी लाल माती चाळून, तिच्यात थोडी वाळू, हळद, ताक, तेल आणि कडुनिंबाचा पाला मिसळून हातभर खोल भरा, आणि रोज कुस्तीआधी खोदून भुसभुशीत करा. खोदण्याचं काम पोरांकडून घ्या, तोच त्यांचा पहिला व्यायाम. वर छप्पर हवंच. इथे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उघडा आखाडा दोन महिने डबकं असतो. फुकट मिळतं म्हणून तणसावर ताडपत्री टाकून गादी करण्याचा मोह होतो. तो टाळा. ताडपत्रीवर पाय सरकतो, खालचं तणस दमट होऊन कुजतं आणि गुडघ्याला दिसत नाही असा खड्डा पडतो.

आता वजन. जिल्हा पातळीच्या स्पर्धेत वजनाच्या सकाळी क्रीडा संकुलाच्या व्हरांड्यात जरा उभे राहा. सातवी-आठवीची पोरं दोन-दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारताना दिसतील. एखादं पोर तोंडात लवंग धरून डब्यात थुंकत बसलेलं असतं. काल दुपारपासून त्याच्या पोटात पाणी नसतं, ओठ फुटलेले असतात, आणि शेजारी उभा असलेला वस्ताद अभिमानाने सांगत असतो, "रात्रीत दीड किलो उतरवलं." दोन तासांनी तेच पोर मॅटवर चक्कर येऊन बसतं आणि घरी जाऊन 'सरांनी सांगितलं होतं' एवढंच म्हणतं.

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. ती प्रौढ, जगज्जेत्यांशी लढलेली खेळाडू होती, तिच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. तुमच्यासमोर तेरा वर्षांचं, वाढीच्या वयातलं मूल आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महिना-सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेज मल्ल असं झटपट वजन उतरवताना मेले. रबरी सूट, गरम खोली आणि पाणी बंद, हाच त्यांचा उपाय होता. त्यानंतर तिथे तो प्रकार बंद झाला. अमेरिकेतल्या शाळांमध्ये आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट चालत नाही. बेचाळीस किलोच्या मुलाला हा हिशेब लावला तर आठवड्याला सव्वासहाशे ग्रॅम होतात. चौदा वर्षांखालच्या मुलाचं वजन उतरवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वरच्या गटात खेळवा. हरला तर हरला, पुढच्या वर्षी तो तीन किलोने आणि दोन बोटांनी वाढलेला असेल.

म्हणून नवं काम सुरू करताना पहिली खरेदी वजनकाट्याची. गदा, ट्रॅकसूट आणि फोटोचा बॅनर नंतर. एक वही घाला. दर सोमवारी सकाळी, अनशापोटी, प्रत्येक मुलाचं वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची त्यात लिहा. सहा महिन्यांत कोणतं मूल कोणत्या गटाकडे वाढतंय ते वहीच सांगते. वजन अचानक घसरलं तर घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा कारण कुस्तीचं नसतं.

खुराकाच्या नावाने पालकांना घाबरवू नका. बदाम, खसखस, तुपाची यादी ऐकून शेतमजुराचं पोर दुसऱ्या दिवशी येणं बंद करतं. आपल्याकडे भात आहे, त्याच्या जोडीला तूर किंवा चण्याची डाळ, भिजवलेले चणे, शेंगदाणे, जवसाची चटणी, दोन अंडी आणि तलावातले लहान मासे असतील तर शाळकरी मल्लाला पुरतं. हा जिल्हा जुन्या मालगुजारी तलावांचा आहे, मासा इथे श्रीमंताचं अन्न नाही. लाखोरीची डाळ मात्र रोजची आणि मुख्य अन्न म्हणून नको. तिच्या अतिरेकाने पाय लुळे पडण्याचा आजार होतो. कधीमधी खायची तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं. डब्यातली प्रोटीन पावडर शाळकरी मुलाच्या हातात देऊ नका. तिच्यात काय मिसळलंय ते तुम्हालाही माहीत नसतं आणि दुकानदारालाही.

पूर्व विदर्भातल्या वस्तादाला एक गोष्ट कोल्हापूरच्या वस्तादापेक्षा जास्त माहीत हवी. ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात या आजाराचे रुग्ण आणि वाहक दोन्ही पुष्कळ आहेत. वाहक मूल दिसायला धडधाकट असतं, चांगलं खेळतं. पण कडक ऊन, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि न थांबता केलेली मेहनत, हे तिन्ही एकत्र आले तर ते कोसळू शकतं. अमेरिकेत असे तरुण खेळाडू दगावले आहेत आणि २०१० पासून तिथल्या मोठ्या कॉलेजांत खेळाडूंची ही तपासणी होते. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. प्रत्येक मुलाची तपासणी करून घ्या, पण निकाल चारचौघांत बोलू नका, कारण पुढे मुलीच्या लग्नापर्यंत त्याची चर्चा जाते. वाहक मुलाला कुस्ती बंद करायची गरज नसते. त्याला मधे मधे थांबू द्यायचं, पाणी पाजायचं, आणि 'ढोंग करतोय' हे वाक्य तुमच्या तोंडून कधी निघू द्यायचं नाही. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्याबाबत मात्र डॉक्टर सांगतील तेच.

कातडीकडेही बघा. गजकर्ण एका पोराला झालं की पंधरवड्यात सगळ्या आखाड्याला होतं. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं की वरून बरं वाटतं आणि आतून चिवट होतं. त्या मुलाला डॉक्टरकडे पाठवा आणि बरा होईपर्यंत दोरावर ठेवा. नखं रोज तपासा. आणि कान सुजला तर दोन-तीन दिवसांच्या आत दवाखान्यात न्या, साचलेलं रक्त काढता येतं. मोडलेला कान ही पैलवानाची शान आहे, ही समजूत शाळेबाहेर ठेवलेली बरी.

मुलींबद्दल थोडं. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, त्यानंतर खेड्यातल्या आई-बापांशी बोलणं जरा सोपं झालं आहे. पण त्याच वर्षी दिल्लीत जंतर-मंतरवर देशाच्या नामवंत महिला मल्ल लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या, हेही त्या आई-बापांनी टीव्हीवर पाहिलंय. त्यांची शंका रास्त समजा. सरावाला शाळेतल्या एक बाई हजर असल्याच पाहिजेत, स्पर्धेच्या प्रवासातही. एकट्या मुलीचा वेगळा सराव नाही, बंद खोलीत मालिश नाही, रात्री मेसेज नाही. पकड दाखवायची असेल तर दोन मुलींवर दाखवा किंवा आधी सांगून दाखवा. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याची तोंडओळख करून घ्या आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आखाड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. हे नियम पुरुष वस्तादालाही वाचवतात.

कागदांचा कंटाळा सगळ्या पैलवानांना असतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वाट तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी. जन्मतारखेची मर्यादा जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या त्या वर्षाच्या परिपत्रकात असते, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव किंवा तारीख जुळत नसेल तर दुरुस्ती उन्हाळ्यातच करून घ्या. ऐन सकाळी, वजन बरोबर भरूनही, 'श' आणि 'स'च्या घोळापायी परत आलेल्या मुलाची समजूत घालणं फार अवघड असतं. वय चोरून खालच्या गटात खेळवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

जिंकलेल्या मुलाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी झेरॉक्स करा. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत गेला तरच. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजलेली आहेत. न खेळलेल्या मुलाच्या कागदावर सही करू नका, मग मागणारा कितीही जवळचा असो. आणि निकाल पटला नाही तर नियमाप्रमाणे दाद मागायला शिका आणि शिकवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि राज्यातल्या नामांकित मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. राज्यभरच्या शाळकरी पोरांनी तो व्हिडिओ पाहिला आहे. त्यावर त्यांच्याशी बोला.

आता तुमच्या पोटाचं. गोड बोलून उपयोग नाही, शाळेतला कुस्तीचा वस्ताद म्हणून वेगळं पगारी पद सहसा नसतं. पहिली काही वर्षं फुकट किंवा नाममात्र मानधनावर जातात. त्यामुळे शेती, दुकान, नोकरी यांपैकी काहीतरी एक हातात ठेवूनच उतरा. कायमची वाट हवी असेल तर बी.पी.एड. करा आणि क्रीडा शिक्षक व्हा. त्यासाठी अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते आणि अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून होते. जागा कमी निघतात, म्हणून पदवीला दुसरा एखादा विषय पक्का ठेवा. विदर्भात शारीरिक शिक्षणाचं जुनं ठिकाण अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ ला सुरू झालेल्या या संस्थेचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं होतं. तिथे नुसतं बघायला जरी गेलात तरी दोन दिवस सार्थकी लागतील.

प्रशिक्षक म्हणूनच नाव करायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिचा वर्षभराचा डिप्लोमा मानाचा आहे. ज्यांना वर्ष देता येत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. तिथला सराव बहुतेक हिंदी-इंग्रजीत चालतो, तेवढी तयारी करून जा. डिप्लोमा हातात आला की क्रीडा प्रबोधिनी, खेलो इंडिया केंद्रं आणि क्रीडा खात्याच्या मानधनावरच्या मार्गदर्शकांच्या जागांसाठी दार किलकिलं होतं. सोबत पंच परीक्षा द्या. पंचाला थोडंफार मानधन मिळतं, पण त्याहून मोठा फायदा असा की नियम बदलले की तुम्हाला पहिल्यांदा कळतात.

पोरांच्या इनामातून वाटा घेऊ नका. दंगलीत मिळालेले पाचशे रुपये त्या घरात किती दिवस पुरतात ते तुम्हाला माहीत आहे. गुरुपौर्णिमेला नारळ घ्या, तेवढं पुरे. आणि पहिल्या दिवसापासून शाळेशी लेखी बोला. तुम्ही कोण, कोणत्या वेळेत शिकवणार, मूल जखमी झालं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, स्पर्धेला नेताना पालकांचं संमतिपत्र कोण घेणार, हे सगळं कागदावर असू द्या. एकदा कुणाचा हात मोडला की तोंडी ठरलेलं कोणालाच आठवत नाही.

शेवटी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एक विनंती. तुमच्या गावात असा कोणी तरुण पहाटे पोरं घेऊन माती खोदत असेल, तर त्याला पगार देणं तुमच्या हातात नाही हे मान्य. पण नियुक्तीचं साधं पत्र, सामान ठेवायला एका खोलीची किल्ली, स्पर्धेला जाताना बसभाडं आणि मुलींसोबत जायला एक शिक्षिका, एवढं तुम्ही याच सत्रात देऊ शकता. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.